कांद्यावर झाडलेल्या सोन्याच्या गोळ्या

शाळेच्या प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून तुम्ही पहिल्यांदा काय पाहिलेत, असे विचारले तर तुमच्यापैकी बहुतेकांचे उत्तर एकच येईल : कांद्याचा पापुद्रा. कांद्याच्या मांसल पाकळीच्या आतल्या बाजूचा पातळ, पारदर्शक पापुद्रा चिमट्याने अलगद सोलायचा, काचपट्टीवर पाण्याच्या थेंबात पसरायचा, आयोडीनचा एक थेंब सोडायचा आणि वरून कव्हर स्लिप ठेवायची. भिंतीत विटा रचाव्यात तशा लांबट पेशी दिसतात आणि प्रत्येक पेशीत एक गडद ठिपका दिसतो. हा ठिपका म्हणजे पेशीचे केंद्रक. वनस्पतीची जवळजवळ सगळी जनुके त्या ठिपक्यात असतात.

याच पापुद्र्यावर १९८०च्या दशकात अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात चक्क बंदूक झाडण्यात आली. बंदुकीत बाराची दारू होती, पण गोळ्या मात्र डोळ्यांना न दिसणाऱ्या, टंगस्टन धातूच्या होत्या. त्या गोळ्यांवर जनुकीय द्रव्याचा लेप दिलेला होता. पेशीच्या भिंतीला भोक पाडून गोळी आत जावी, पेशी मरू नये आणि गोळीवरचे द्रव्य आत उतरून कामाला लागावे, अशी ही कल्पना. ऐकणाऱ्यांना ती वेडगळ वाटली असेल तर त्यात नवल नाही.

मी पदार्थविज्ञान शिकवतो. बारावीनंतर जीवशास्त्राचे पुस्तक मी मिटले ते कित्येक वर्षे उघडले नव्हते. तरी या विषयात हात घालण्याचे धाडस करतो, कारण वनस्पतीत बाहेरचे जनुक घालण्याच्या या उद्योगात जडत्व, घनता, हवेचा रोध, वायूचा प्रवाह अशी आपल्या ओळखीची मंडळी जागोजागी भेटतात. आणि हा उद्योग इतकी वर्षे कमी फळ का देत होता, याचे एक कारण २०२५ साली सापडले तेही पदार्थविज्ञानाच्याच पदरात पडले.

जनुक आत न्यायचे कसे?

वनस्पतीच्या पेशीत बाहेरून एखादे जनुक पोचवायचे, ते तिच्या गुणसूत्रात कायमचे बसवायचे आणि मग त्या एका पेशीपासून अख्खे रोप वाढवायचे, या साऱ्या खटाटोपाला आपण जनुकरोपण म्हणू. रोगाला न बळी पडणारी पपई, किडीला विरोध करणारा कापूस, असे वाण यातून मिळतात.

पहिली अडचण दाराशीच येते. प्राण्याच्या पेशीला नुसते पातळ आवरण असते. वनस्पतीच्या पेशीला त्याबाहेर सेल्युलोजची टणक भिंत असते. तिच्यातून पाणी आणि क्षार जातात, पण डीएनएचा लांबलचक रेणू जात नाही.

निसर्गात मात्र एक चोर ही भिंत ओलांडतो. जमिनीत राहणारा ॲग्रोबॅक्टेरियम नावाचा जीवाणू झाडाच्या जखमेतून आपल्या डीएनएचा एक तुकडा पेशीत सोडतो. तो तुकडा झाडाच्या गुणसूत्रात जाऊन बसतो, पेशी बेसुमार वाढू लागतात आणि खोडावर गाठ येते. तंबाखूच्या गाठीतील पेशींत जीवाणूचा डीएनए खरोखरच असतो, हे मेरी-डेल चिल्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ साली सिद्ध केले. पुढची युक्ती सोपी होती : गाठ करणारी जनुके काढून टाकायची आणि त्या जागी आपल्याला हवे ते जनुक ठेवायचे. टपालाचे पाकीट तेच, आतली चिठ्ठी आपली. १९८३ पर्यंत हे साधले.

या जीवाणूच्या लहरी सांभाळाव्या लागतात. झाडाला जखम झाली की त्यातून काही रसायने पाझरतात आणि त्यांच्या वासावर हा जीवाणू कामाला लागतो. त्यांपैकी ॲसिटोसिरिंगोन हे रसायन १९८५ साली तंबाखूत ओळखले गेले. तेव्हापासून ते बाजारातून आणून बशीत घालतात, म्हणजे जखम लहान असली तरी जीवाणूला ती मोठी वाटते. तापमानाचेही तसेच. २२ ते २५ अंश सेल्सिअसला डीएनए सोडण्याचे त्याचे काम चांगले चालते. पारा आणखी चार-पाच अंश चढला की जीवाणू मजेत वाढतो, पण डीएनए पाठवायचे बंद करतो. आपल्याकडच्या उन्हाळ्यात वीज गेली आणि वातानुकूलन यंत्र बंद पडले तर प्रयोगाचे काय होईल, हे तुम्हीच ओळखा.

पण खरी अडचण निराळी होती. हा जीवाणू तंबाखू, टोमॅटो अशा द्विदल वनस्पतींवर जातो. भात, गहू, मका या तृणधान्यांच्या वाटेला तो निसर्गात जात नाही. जगाचे पोट तर त्यांच्यावर चालते. मग जीवाणूची मनधरणी करण्याऐवजी भिंतीला सरळ भोकच का पाडू नये?

बारा नव्हे, हीलियम

हा विचार कॉर्नेलमधील वनस्पतिशास्त्रज्ञ जॉन सॅनफर्ड यांना सुचला. त्यांनी एडवर्ड वुल्फ या विद्युत अभियांत्रिकीच्या प्राध्यापकांना गाठले. वुल्फ अतिसूक्ष्म वस्तू घडवण्याच्या प्रयोगशाळेचे प्रमुख होते. जीवशास्त्रज्ञाला प्रश्न पडला आणि तो अभियंत्याच्या दारात गेला, ही गोष्ट मला फार आवडते. १९८३ पासून त्यांचे प्रयोग सुरू झाले. कांदा निवडला, कारण त्याच्या पेशी मोठ्या, एकाच थरात आणि पारदर्शक असतात. आपण शाळेत तो याच कारणासाठी निवडतो. १९८७ साली ‘नेचर’ या साप्ताहिकात त्यांचा निबंध आला. टंगस्टनच्या कणांवरून आत गेलेला तंबाखूच्या विषाणूचा आरएनए कांद्याच्या पेशींत कामाला लागलेला दिसला होता.

दारूचा बार लवकरच मागे पडला. त्यात हादरा आणि घाण फार, आणि प्रत्येक बार सारखा होईल याची खात्री नाही. आजच्या यंत्रात हीलियम वायू असतो. तो एका नळीत कोंडतात आणि नळीचे तोंड प्लॅस्टिकच्या चकतीने बंद करतात. दाब ठराविक मर्यादेपलीकडे गेला की चकती फाटते. ही मर्यादा बहुधा ७५ वातावरणांच्या आसपास ठेवतात. मोटारसायकलच्या चाकातली हवा बाहेरच्यापेक्षा दोन वातावरणे जास्त असते, हे लक्षात घ्या म्हणजे कल्पना येईल. मोकळा झालेला हीलियम खाली असलेल्या दुसऱ्या पातळ चकतीवर आदळतो. तिच्या खालच्या अंगाला डीएनएचा लेप दिलेले सोन्याचे कण वाळवून चिकटवलेले असतात. चकती सुसाट सुटते आणि सुमारे एक सेंटीमीटरवर असलेल्या धातूच्या जाळीवर थडकून थांबते. कण मात्र थांबत नाहीत. बस अचानक थांबली की उभा उतारू पुढे फेकला जातो, तसे ते जाळीच्या छिद्रांतून पुढे निघतात. न्यूटनच्या पहिल्या नियमाचे इतके सुंदर उदाहरण मला पाठ्यपुस्तकात मिळालेले नाही.

हीलियमच का, असे माझ्या वर्गातील एका मुलीने विचारले होते. त्याचे रेणू हलके असतात. एकाच तापमानाला हलक्या वायूचे रेणू अधिक वेगाने धावतात, म्हणून मोकळा सोडलेला हीलियम हवेपेक्षा पुष्कळ वेगाने पसरतो. ध्वनीचा वेग हवेत सेकंदाला सुमारे ३४० मीटर, तर हीलियममध्ये जवळजवळ १,००० मीटर असतो. शिवाय हा वायू निष्क्रिय असल्यामुळे पेशीला त्याचा त्रास नाही.

आता गोळीचे गणित करू. कणाचा व्यास एक मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग धरा. गोलाच्या घनफळाचे सूत्र वापरून आणि सोन्याची घनता १९.३ घेऊन वजन काढलेत, तर एक ग्रॅम सोन्यात किती कण होतात माहीत आहे? एकावर अकरा शून्ये! एका बाराला अर्धा मिलिग्रॅम सोने घेतले तर पाच कोटी कण झाले. सराफ ज्या सोन्याचा हिशेबही धरणार नाही, त्यात हे सारे भागते.

अशा एका कणाचा वेग सेकंदाला ४०० मीटर धरला तर त्याची गतिज ऊर्जा एका ज्यूलचा सुमारे सव्वाशे कोटीवा भाग भरते. दोन मिलिग्रॅम वजनाचा डास सेकंदाला अर्धा मीटर वेगाने उडत असेल, तर त्याची ऊर्जा याच्या सुमारे तीनशे पट असते. मग डास भिंतीवर आदळून काही होत नाही आणि हा कण आरपार कसा जातो? ऊर्जा किती, यापेक्षा ती केवढ्या जागेवर पडते ते पाहायला हवे. डासाचे अंग तीन चौरस मिलिमीटर धरून भागाकार करा. दर चौरस मिलिमीटरला कणाची ऊर्जा डासाच्या दहा हजार पटींहून जास्त येते. सुई टोचते आणि बोट टोचत नाही, त्यातलाच हा प्रकार.

पण लहानपणाची एक शिक्षाही आहे. हवेचा रोध वस्तूच्या समोरच्या क्षेत्रफळावर, म्हणजे व्यासाच्या वर्गावर अवलंबून असतो. वस्तुमान मात्र व्यासाच्या घनावर. वस्तू जितकी लहान करावी, तितका तिच्या वस्तुमानाच्या मानाने हवेचा रोध भारी पडतो. एक सेंटीमीटर व्यासाच्या गोळीच्या तुलनेत एक मायक्रॉनच्या कणाला हा रोध निदान दहा हजार पट जड जातो. मी कागदावर हिशेब केला, तेव्हा नेहमीच्या हवेत आपला कण एक-दोन सेंटीमीटरांतच दमून जाईल असे उत्तर आले. लक्ष्य तर सहा ते नऊ सेंटीमीटरांवर असते. म्हणून बार काढण्यापूर्वी पेटीतली हवा काढून घेतात. वायुदाबमापकात ७६ सेंटीमीटर पाऱ्याऐवजी पाचच सेंटीमीटर उरेल इतकी निर्वात स्थिती करतात. सोने किंवा टंगस्टन घेण्याचे कारणही हेच : दोघांची घनता जवळजवळ सारखी आणि लोखंडाच्या सुमारे अडीच पट. टंगस्टन स्वस्त आहे. पण ते गंजते आणि काही पेशींना बाधते. म्हणून सोने.

या बंदुकीने पुढे मोठे काम केले. १९८८ साली सोयाबीन, १९९० साली मका, १९९२ साली गहू अशी जनुकरोपित रोपे तिच्यामुळे तयार झाली. हवाई बेटांवरची पपई तर तिच्यामुळेच वाचली. तिथल्या पूना भागात १९९२ साली वलयडाग विषाणू शिरला आणि बागा उजाड होऊ लागल्या. हवाईतच जन्मलेले डेनिस गोन्सालविस आणि त्यांचे सहकारी त्या आधीच कामाला लागले होते. विषाणूच्याच कवचाचे जनुक त्यांनी बंदुकीने पपईच्या गर्भपेशींत घातले. मिळालेल्या मोजक्या रोपांपैकी ५५-१ क्रमांकाचे एक रोप विषाणूला पुरून उरले. त्याच्या वंशातले बियाणे १९९८ साली शेतकऱ्यांच्या हाती पडले. ते एक रोप हाती लागले नसते तर? असा प्रश्न मनात येतो आणि तिथूनच आपला मूळ विषय सुरू होतो.

कालव्याचे पाणी

धरणातून सोडलेले पाणी कालव्यातून वितरिकेत, वितरिकेतून चारीत आणि चारीतून शेतात येते. प्रत्येक टप्प्यावर थोडे झिरपते, थोडे वाफ होऊन उडते. प्रत्येक टप्प्यावर निम्मे पाणी गळाले, तर तीन टप्प्यांनंतर शेतात आठवा हिस्सा पोचेल. गळती वजा होत नाही, गुणिली जाते.

जनुकरोपणही तसेच आहे. पुढचे आकडे मी केवळ समजावण्यासाठी घेत आहे, ते कोणत्याही प्रयोगाचे नाहीत. समजा, झाडलेल्या कणांपैकी पाचात एक पुरेशा वेगाने पेशींपर्यंत पोचतो. पोचलेल्यांपैकी दहात एक केंद्रकात किंवा त्याच्या अगदी जवळ थांबतो आणि पेशी जिवंत राहते. अशा पेशींपैकी निम्म्या पेशींत डीएनए काम करू लागतो. त्यांपैकी शंभरात एका पेशीत तो गुणसूत्रात कायमचा बसतो. आणि अशा दहा पेशींपैकी एकीचे रोप होते. या पाचही अपूर्णांकांचा गुणाकार करा. एक लाख कणांमागे एक रोप!

आता तुम्ही प्रयोगशाळेचे प्रमुख आहात आणि तुमच्याकडे एकच टप्पा सुधारण्यापुरता पैसा आहे असे समजा. तिसरा टप्पा अगदी निर्दोष केलात तरी रोपे फक्त दुप्पट होतील. पहिला निर्दोष केलात तर पाच पट होतील. शेवटचा केलात तर दहा पट. चौथ्यात वाव सर्वांत मोठा आहे. पण तो पेशीच्या स्वतःच्या दुरुस्ती-यंत्रणेच्या हाती असल्यामुळे तिथे आपले फारसे चालत नाही. म्हणजे गळती कुठे जास्त आहे हे पाहणे पुरेसे नाही, कुठली गळती आपल्याला बुजवता येईल हेही पाहावे लागते.

गंमत अशी, की वर्षानुवर्षे सर्वांचे लक्ष मधल्या टप्प्यांवर होते. कणावर डीएनए कसा चिकटवावा, किती सोने घ्यावे, कोणत्या दाबाची चकती वापरावी, पेशी आधी साखरेच्या द्रावणात किती वेळ ठेवाव्यात, यांवर पुष्कळ निबंध लिहिले गेले. बंदूक स्वतः कशी आहे, याकडे फारसे कोणी पाहिले नाही. विकत आणलेले यंत्र बरोबरच असणार, असे आपण सगळेच धरून चालतो. माझ्या वर्गातली मुलेही व्होल्टमीटरचा काटा मुळात शून्यावर आहे की नाही हे न पाहता वाचन घेतात, आणि खरे सांगायचे तर एकेकाळी मीही घेत असे.

नळीतला अडथळा

अमेरिकेतीलच आयोवा राज्य विद्यापीठात शान जियांग हे पदार्थ-अभियांत्रिकीचे आणि कान वांग या कृषिविद्येच्या प्राध्यापक. म्हणजे पुन्हा एकदा अभियंता आणि वनस्पतिशास्त्रज्ञ यांची जोडी. त्यांच्या गटाने बंदुकीच्या आतला वायूचा प्रवाह संगणकावर उभा केला. विमानाचे पंख आखताना जे गणित वापरतात तेच इथे वापरले. चित्र असे दिसले, की बंदुकीच्या आतली नळी ही बाटलीच्या मानेसारखी अडचण आहे. तिथे प्रवाह विस्कटतो, दाब आणि वेग घटतो, पुष्कळसे कण वाटेतच हरवतात आणि उरलेले लक्ष्यावर एका जागी दाट, दुसरीकडे विरळ पडतात. त्यांच्या गणिताप्रमाणे भरलेल्या कणांपैकी साधारण पाचवा हिस्साच लक्ष्यापर्यंत जात होता. रुपयातले ऐंशी पैसे वाटेत सांडत होते.

त्यांनी नळीचा आकार बदलला. वायूला आणि कणांना अलगद वळण देऊन खाली नेणारी नवी नळी त्यांनी त्रिमिती छपाईच्या यंत्रावर तयार केली. डीएनए तोच, सोने तेच, बंदूकही तीच. फक्त नळी निराळी. २०२५ साली ‘नेचर कम्युनिकेशन्स’मध्ये त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केले. चाचणीसाठी त्यांनीही पहिल्यांदा कांद्याचाच पापुद्रा घेतला होता! त्यात बाहेरचे जनुक काम करू लागलेल्या पेशींचे प्रमाण २२ पट झाले. मक्याच्या कोवळ्या गर्भांत जनुक कायमचे बसण्याचे प्रमाण दहा पटींहून अधिक वाढले.

इथे चौकस विद्यार्थी थांबेल आणि विचारेल : पाचवा हिस्सा पोचत होता, आता समजा सगळे पोचू लागले, तर वाढ पाच पट व्हायला हवी. २२ पट कशी झाली? प्रश्न योग्य आहे. पोचणे आणि पुरेशा वेगाने पोचणे यांत फरक आहे. जुन्या नळीतून निघालेल्या कणांपैकी काही इतके मंद असत, की भिंतीला नुसते चिकटून राहत. शिवाय एकाच पेशीत दहा कण घुसले तर त्यांतले नऊ वाया जातात आणि पेशी बहुधा मरते. तेच दहा कण दहा पेशींत वाटले गेले तर दहा संधी मिळतात. नव्या नळीने कणांची संख्या, वेग आणि पसरण ही तिन्ही एकदम सुधारली. इथेही गुणाकारच आहे, फक्त या वेळी तो आपल्या बाजूने झाला.

उलट अर्थाने पाहिले तर २२ पट ही सुधारणा शेवटपर्यंत टिकत नाही, हेही ध्यानात घ्या. कायमच्या रोपणात ती दहा पटींच्या घरात येते आणि गव्हाच्या वाढत्या शेंड्यावरील एका प्रयोगात ती दुपटीवर उतरली. पुढच्या टप्प्यांचे प्रश्न नळीने कसे सुटणार?

एका बाबतीत बंदूक जीवाणूपेक्षा डावी आहे, ते सांगायला हवे. तिने पाठवलेला डीएनए कधी तुकड्यातुकड्यांनी, कधी अनेक प्रती होऊन गुणसूत्रात बसतो. जीवाणूचे काम अधिक नेटके. १९९४ साली जपानी संशोधकांनी भातात आणि १९९६ साली मक्यात जीवाणूलाच कामाला लावून दाखवले. तेव्हापासून जिथे जीवाणू चालतो तिथे बहुतेक जण तोच वापरतात. परंतु आता क्रिस्पर तंत्राने वनस्पतीचे स्वतःचेच जनुक दुरुस्त करायचे असते. त्यासाठी डीएनएऐवजी तयार प्रथिनच कणावर लावून आत पाठवता येते. काम झाले की प्रथिन विरून जाते. हे काम जीवाणूपेक्षा बंदुकीला सोपे पडते, म्हणून तिला पुन्हा चांगले दिवस आले आहेत.

एका पेशीचे रोप

शेवटच्या टप्प्याकडे वळू. टिश्यू कल्चरची केळी तुम्ही पाहिली असतील. वनस्पतीचा छोटा तुकडा साखर, क्षार आणि संप्रेरके घातलेल्या खळीवर ठेवला, की त्यातून रोपे करता येतात. पण जनुकरोपणात ज्या एका पेशीत जनुक गेले नेमक्या तिच्यापासून रोप हवे असते, आणि सगळ्याच पेशी याला तयार नसतात. एकाच पिकाचा एक वाण चटकन रोपे देतो, तर शेजारच्या शेतातला दुसरा वाण महिनोन् महिने नुसता पेशींचा बेढब गोळा वाढवत बसतो.

याची किंमत किती असते ते कापसात दिसते. कापसाचे रोप पेशीपासून वाढवणे फार कठीण. अमेरिकेतील कोकर ३१२ हा जुना वाण त्या मानाने सोशिक निघाला, म्हणून बोंडअळीला विरोध करणारे बीटी जनुक त्यात घातले गेले. कोकर ३१२ हा काही भारतीय शेतकऱ्याला हवा असलेला वाण नव्हता. मग जालन्याच्या महिको कंपनीने त्याचा आपल्याकडच्या वाणांशी संकर केला आणि संततीचा पुन्हापुन्हा आपल्याच वाणाशी संकर करत नेला. पहिल्या संकरात आपल्या वाणाचा हिस्सा ५० टक्के, पुढच्यात ७५, मग ८७.५. असा सहा वेळा उलट संकर केला की तो सरासरी ९९ टक्क्यांच्या वर जातो. वर्षाला एक पीक धरले तर सहा-सात वर्षे नुसती एवढ्यासाठी गेली. भारतात या कापसाला मार्च २००२ मध्ये परवानगी मिळाली. (गुलाबी बोंडअळीने पुढे त्यालाही दाद दिली नाही, ती कथा वेगळी.) मनासारखे रोप देणारा वाण आणि शेतकऱ्याला हवा असलेला वाण एकच असता, तर ही वर्षे वाचली असती. ज्या पिकांवर मोठ्या कंपन्या पैसा लावत नाहीत, त्यांच्या वाट्याला तर ही सहा-सात वर्षेही येत नाहीत.

या टप्प्यावर २०१६ साली एक चांगली युक्ती निघाली. बेबी बूम आणि वुशेल २ अशी दोन जनुके गर्भ तयार करण्याचा हुकूम देतात. मक्यात हव्या त्या जनुकाबरोबर ही दोन्हीही पाठवली, तेव्हा पूर्वी हट्ट धरून बसलेले वाणही रोपे देऊ लागले. मात्र ही जनुके आत राहिली तर रोप वेडेवाकडे वाढते. म्हणून त्यांच्याबरोबर एक कात्रीही पाठवली. ती कोरडेपणाने जागी होते. पेशींचा गोळा थोडा सुकवला की कात्री चालते आणि दोन्ही जनुके कापून बाहेर काढते. कामापुरता मदतनीस बोलवावा आणि काम संपताच त्याने स्वतःहून निघून जावे, अशी ही सोय!

दुसरी वाट अशी, की एका पेशीपासून रोप करण्याचा हट्टच सोडायचा. गव्हाच्या गर्भातील वाढत्या शेंड्यावर सरळ बंदूक झाडायची. शेंड्यातल्या ज्या पेशींपासून पुढे ओंबी होणार, त्यांत बदल झाला तर तो दाण्यांत उतरतो. बशी, खळ, संप्रेरके यांची गरज उरत नाही, आणि वाण हट्टी आहे की सोशिक हा प्रश्नही मागे पडतो. मात्र त्या पेशी वरच्या थरांच्या खाली दडलेल्या असतात, त्यामुळे कणाला पुरेसा वेग हवा. नव्या नळीने दुपटीचे यश दिले ते याच ठिकाणी.

पुढच्या वेळी प्रयोगशाळेत कांद्याचा पापुद्रा लावाल तेव्हा एक मोजमाप करून पाहा. सूक्ष्मदर्शकाखाली पारदर्शक मोजपट्टी ठेवून दृष्टिक्षेत्राचा व्यास काढा. त्यावरून एका पेशीची लांबी-रुंदी आणि केंद्रकाचा व्यास अंदाजाने ठरवा. दहा पेशींची सरासरी घ्या. मग केंद्रकाच्या क्षेत्रफळाला पेशीच्या क्षेत्रफळाने भागा. आंधळेपणाने झाडलेली एक गोळी केंद्रकावर बसण्याची शक्यता किती, याचे उत्तर त्या भागाकारात आहे. माझे उत्तर शंभरात एकाच्या आसपास आले. तुमचे किती येते ते आपल्या शिक्षकांना दाखवा, आणि कणाला जाडी असल्यामुळे हे उत्तर किंचित बदलेल की नाही, यावर त्यांच्याशी वाद घाला.